खांदा दुखतोय, पोहणं बंद करू का?

प्रश्न: आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारला राहतो, मुलगा नववीत आहे. आधी आठवड्यातून तीन दिवस पोहायला जायचा, सुट्टी लागल्यापासून सहा दिवस जातोय, रोज दोन किलोमीटर आणि वर हाताला पॅडल्स (तळव्याला बांधायच्या प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या). पंधरा दिवस झाले उजवा खांदा दुखतोय, टीशर्ट काढताना तोंड वाकडं करतो. कोचना सांगितलं तर म्हणे, 'चालशे, हात बनतोय.' बंद करू का? – एक आई

उत्तर: ताई, पूर्ण बंद नका करू, पण हे 'चालशे' काही चालणार नाही. हिशोबच बघा ना, 25 मीटरच्या पूलमध्ये दोन किलोमीटर म्हणजे 80 लॅप, एका लॅपला दोन्ही हात मिळून 20 स्ट्रोक धरले तरी एकेक खांदा रोज 800 वेळा फिरतो, आठवड्याचे झाले 4800. खांद्याची खोबण असते उथळ आणि गोळा मोठा, त्याला जागेवर धरून ठेवतात ते रोटेटर कफचे चार स्नायू, ते दमले की गोळा नीट बसत नाही आणि स्नायूंच्या दोऱ्या दुखावतात. 1974 पासून याला 'स्विमर्स शोल्डर' म्हणतात, म्हणजे तुमचा मुलगा काही पहिला नाही!

पॅडल्स आजच काढा. पॅडलमुळे पाणी जास्त ओढलं जातं आणि तो सगळा लोड खांद्यावर येतो. तीनाचे एकदम सहा दिवस हीच खरी गडबड आहे, सध्या परत तीनवर या, दुखेल तो स्ट्रोक नाही, नुसते पाय मारू दे, पण तरंगणारा किकबोर्ड हात लांब करून धरला तर खांदा त्याच पोझिशनमध्ये अडकतो (हे बरेच जण विसरतात), त्यापेक्षा उताणं होऊन हात अंगाशी ठेवून.

मग एक दिवस पूलच्या टोकाला उभ्या राहा आणि समोरून बघा. हात खांद्याच्या रेषेत पडतोय की डोक्यासमोरून पलीकडे जातोय? अंगठा आधी शिरतोय का? श्वास कायम एकाच बाजूला घेतोय का? बोटं आधी, तळवा खाली, आणि दर तिसऱ्या स्ट्रोकला श्वास, म्हणजे दोन्ही बाजू येतात.

घरी काखेत नॅपकिनची गुंडाळी, कोपर अंगाशी, व्यायामाचा रबर बँड बाहेरच्या बाजूला ओढायचा, 15 वेळा, एक दिवसाआड, दुखणार नाही इतपतच. मित्राकडून हात मागे खेचून घेणं मात्र अजिबात नाही. रात्री झोपमोड होत असेल किंवा हात वरच जात नसेल तर वाट न बघता हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि दोन आठवड्यांत फरक पडला नाही तरी न्याच.