आमदारकीनंतर अभ्यासकेंद्र काढायचंय? आधी म्हाळगी वाच

तुझा बेत आवडला. पण जागा, फलक आणि उद्घाटनाचा पाहुणा ठरवण्याआधी रामभाऊ म्हाळगींचं काम बघून घे. 1957 साली ते मावळमधून जनसंघाचे आमदार झाले, 1977 मध्ये ठाण्याचे खासदार. वर्षभर सभागृहात काय केलं याचा लेखी अहवाल ते मतदारांपुढे ठेवायचे. लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देणारी, भाईंदरजवळच्या उत्तनची रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी त्यांनी स्वतः काढलेली नाही. 1982 मध्ये ते गेल्यावर सहकाऱ्यांनी त्यांच्या नावाने उभी केली. नाव टिकलं ते त्या कागदपत्रांच्या शिस्तीवर, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आजपासून एक वही घाल. विचारलेला प्रत्येक तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), त्याची तारीख, मंत्र्यांचं उत्तर आणि 'तपासून कार्यवाही करू' म्हटलं असेल तर तेही शब्दशः. अशा शब्दांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते, पण तुझ्याकडे नोंद हवी. मी पहिली दोन वर्षं हे केलं नाही. पुढे एका पाणीयोजनेचं उत्तर शोधताना कार्यवाहीचे खंड उपसत अख्खा आठवडा गेला.

पैशाचं थोडक्यात: पहिल्या दिवसापासून देणगीदारांची नावं जाहीर कर. आणि विरोधी बाकावरच्या एखाद्या अभ्यासू माणसाला विश्वस्त म्हणून घे. तो तुझ्या अहवालातली चूक छापण्याआधी दाखवेल. अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी वही सुरू केलीस, तर पहिलं टिपण कपात सूचनांवरच, म्हणजे खात्यांच्या मागण्यांत कपात सुचवणाऱ्या प्रस्तावांवरच, लिहिता येईल.