उंदराचे अनाथ पिल्लू कसे जगवावे?

प्रश्न : जुनी पेटी हलवताना उंदराचे एकच पिल्लू सापडले. आई परतली नाही. अंगावर लव आहे, पण डोळे मिटलेले आहेत. काय पाजावे?

उत्तर : उंदराच्या पिल्लाचे डोळे साधारणपणे १४व्या दिवसाच्या सुमारास उघडतात, त्यावरून तुमचे पिल्लू आठ-दहा दिवसांचे असावे. दुधाआधी ऊब महत्त्वाची, कारण गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवावी, म्हणजे उकडल्यास त्याला सरकता येईल. गाईच्या दुधाने हगवण लागू शकते. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधभुकटी कोमट पाण्यात कालवून दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, द्यावी. ड्रॉपरचा मोह टाळावा! बारीक रंगकुंचल्याच्या टोकावरचा थेंब पालथ्या पिल्लाला स्वतःच चाटू द्यावा, आणि नाकपुडीशी दुधाचा बुडबुडा दिसताच थांबावे, कारण फुप्फुसात गेलेले दूध बहुधा जिवावर बेतते. प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पोटाखाली हलके चोळावे. त्याशिवाय इतके लहान पिल्लू लघवी करत नाही. डोळे उघडल्यावर भिजवलेले ओट्स ठेवावेत. तीन-चार आठवड्यांत दूध सुटते. हाताळल्यानंतर हात साबणाने धुवावेत.