खातं भाड्यानं दिलं, नोटीस हैदराबादहून आली

प्रश्न : माझ्या 22 वर्षांच्या मुलीनं ओळखीच्या एका बाईला आपलं बँक खातं, एटीएम कार्ड आणि सिम महिना 5 हजारांवर वापरायला दिलं. पुढं दोन मैत्रिणींची खातीही मिळवून दिली, खात्यामागं 1 हजार घेतले. आता खातं गोठलंय आणि हैदराबादच्या सायबर पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवर आलीय. तिनं स्वतः कुणाला फसवलेलं नाही. मुलगी म्हणून सुटेल ना? — एक वडील, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : काका, मुलगी असल्यामुळं गुन्हा हलका होत नाही. अटकेत मात्र संरक्षण आहे. सूर्यास्त ते सूर्योदय तिला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्यानं आधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. जामिनातली बायकांची जी सवलत लोक ऐकून असतात (नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे अटक-जामिनाच्या कार्यपद्धतीचा कायदा, कलम 480), ती मुख्यतः फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांसाठी आहे, आणि तीही न्यायालयाच्या मर्जीवर. तुमच्याकडे बहुधा लागेल न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318(4): सात वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66डी (संगणक-फोन वापरून तोतयेगिरीनं फसवणूक), तीन वर्षांपर्यंत, जामीनपात्र.

खरी अडचण तुम्ही ओझरती लिहिलीय: मैत्रिणींची खाती. फसवणुकीत हेतू सिद्ध करावा लागतो, त्यामुळं नुसतं स्वतःचं खातं देणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायला जागा असते. खात्यामागं पैसे घेऊन दुसऱ्यांची खाती जमवली की पोलीस तिला एजंट धरतात आणि कटाचं कलम 61 लावतात. वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा. मैत्रिणी पोलिसांना सांगणारच आहेत.

आजच दोन कामं करा. ते सिम बंद करा, नाहीतर तिच्या नावावर फसवणूक चालूच राहील. बँकेतही कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आणि चॅट पुसू देऊ नका. फोन फॉरमॅट केला तर पुरावा नष्ट केल्याचं 238 वेगळं लागतं, शिवाय खातं कुणी, काय सांगून मागितलं हे दाखवणारे मेसेजही जातात.

नोटीस खरी आहे का ते तपासा. गुन्हा क्रमांक, कलमं, ठाणं, अधिकाऱ्याचं नाव पाहा आणि पोलिसांच्या संकेतस्थळावरून नंबर काढून फोन करा. पैसे भरून मिटवा म्हणणारा ठगच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची, म्हणजे पोलिसांपुढं हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये सांगितलंय. पण तेवढ्यावर विसंबून गप्प बसू नका. वकिलामार्फत लेखी उत्तर पाठवा. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात.

तरी अटकेची भीती असेल तर इंदूरच्या सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात मर्यादित मुदतीचा अटकपूर्व जामीन मागता येतो (सर्वोच्च न्यायालयाचा प्रिया इंदोरिया निकाल, 2023). हैदराबादला तडक का जाता येत नाही, हे पटवावं लागतं. मिळालेल्या मुदतीत तिथल्या न्यायालयात अर्ज व्हायलाच हवा.

गोठलेलं खातं नंतर बघू. तिची स्वतःची काही रक्कम त्यात असेल तर उताऱ्यावर खूण करून ठेवा. वादातल्या रकमेपुरतीच रोक ठेवावी, असा अर्ज करता येईल.

मैत्रिणींना काय बोलायचं ते शिकवायला जाऊ नका. त्यांचं आणि तुमच्या मुलीचं हित आता एक नाही, त्यांनी आपला वकील वेगळा करावा.