पुटपुटणारे गायक आणि कान किटवणारी गिटार

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला ‘यो ला टेंगो’ या अमेरिकन इंडी रॉक बँडचं वेड आहे. त्याच्या आग्रहाने मी दोन-तीन गाणी ऐकली. गाणारे पुटपुटतात आणि गिटार कान किटवते. या सदरात तुम्हीही त्यांचं नाव सारखं घेता. त्यात एवढं आवडण्यासारखं काय आहे? आणि सुरुवात कुठून करू?
– एक वाचक

उत्तर : तुम्हाला जे खटकलं, नेमका त्यावरच माझा जीव आहे. हळू आवाज आणि कल्लोळ, दोन्ही या बँडचेच, आणि ते एकाच मनातून येतात.

१९९३ चा ‘पेनफुल’ हा अल्बम घ्या. त्यात ‘बिग डे कमिंग’ हे गाणं दोनदा आहे. अल्बम उघडतो तो त्याच्या संथ रूपाने : ऑर्गन, मागे गिटारची घुमणारी शीळ आणि जेमतेम ऐकू येणारा आयरा कॅप्लनचा आवाज. पुढे तेच गाणं गिटारच्या गडगडाटात परत येतं. दोन्ही लागोपाठ लावून पाहा. दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्यातली हुरहुर त्या आवाजाखाली तशीच असते. मला हा बँड कळला तो इथे.

माणसंही मला फार आवडतात. आयरा आणि ड्रम वाजवणारी जॉर्जिया हबली हे नवरा-बायको. १९८४ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकनमध्ये त्यांनी बँड काढला. बेस गिटार वाजवणारे बदलत राहिले, मग नव्वदीच्या सुरुवातीला जेम्स मॅकन्यू आला आणि तिघांचं जमलं ते जमलंच. २०२३ चा ‘धिस स्टुपिड वर्ल्ड’ही याच तिघांचा. इतकी वर्षं एकत्र वाजवल्याशिवाय एकमेकांसाठी अशी जागा सोडता येत नाही. जॉर्जिया तर ड्रमवर बसून गाते, तेही शेजारी बसून बोलल्यासारखं. आवाज चढवून दाद मिळवण्याचा मोह तिला होतच नाही, आणि म्हणून तिचं मला खरं वाटतं.

शिवाय हे लोक स्वतःच मोठे रसिक. आयरा आधी संगीतावर लिहायचा. डब्ल्यूएफएमयू हे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं रेडिओ स्टेशन आहे. तिथे निधी गोळा करताना देणगीदार गाणं सुचवतात आणि हे तिघे ते तिथल्या तिथे वाजवतात. अर्धवट आठवणारी गाणीसुद्धा! चुकतात, सावरतात, पुढे जातात. अशी वर्षानुवर्षं सेवा करणारा बँड मला पूज्य आहे.

सुरुवात मात्र ‘पेनफुल’ने करू नका. १९९७ चा ‘आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग ॲज वन’ आधी ऐका. त्यात ‘ऑटम स्वेटर’ आहे. ऑर्गन आणि ताल यांवर उभं राहिलेलं, लाजऱ्या माणसाच्या प्रेमाचं गाणं. ते रुचलं की ‘पेनफुल’. ‘ब्लू लाइन स्विंगर’ हे त्यांचं गाणं शेवटी ठेवा. ते नऊ मिनिटांहून मोठं आहे आणि त्यातला बराच वेळ कोणी गातच नाही. ऑर्गन धरून ठेवलेला, ड्रम चाचपडत वाट शोधताहेत, गिटार खरखरतेय, मग हळूहळू सगळं एका लयीत येतं आणि जॉर्जिया गायला लागते. ते गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. भावाकडे चांगला हेडफोन असेल तर मागून घ्या, तो आनंदाने देईल.