राजीनामा तुझ्या हाताने नको

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. लोट्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीने पाचव्या महिन्यात ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणून सांगितलं आणि वर टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला. ‘सही कर, एक्स्पिरियन्स लेटर चांगलं देतो.’ करू का, विचारतेस? अजिबात नाही. काढायचंय त्यांना, तर कागदही त्यांनीच लिहावा.

प्रोबेशनवाल्याला हक्क कसले, असं तुझे बाबा म्हणतात. अर्धं खरं आहे. नोकरकपातीची भरपाई मागायला वर्षाची सलग नोकरी, म्हणजे २४० दिवस लागतात. तुझे भरले नाहीत, तो नाद सोड. पण नेमणूकपत्र वाचलंस का गं नीट? पाठवलेल्या फोटोत तुझा अंगठा नेमका नोटिशीच्या ओळीवर आलाय. खाली बॉन्डचं कलम दिसतंय: ‘स्वतःहून नोकरी सोडल्यास’ ट्रेनिंगचा खर्च भरावा लागेल. आता कळलं, राजीनामा का हवाय? तू सही केलीस की नोटीसही तूच देणं लागतेस आणि बॉन्डही तुझ्याच गळ्यात. म्हणून सांगतो, राजीनामा लिहायचा नाही.

केलेल्या दिवसांचा पगार, कामावरून काढल्यापासून कामाच्या दोन दिवसांत द्यावा लागतो. पगाराच्या १९३६ च्या कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. ‘पुढच्या दहा तारखेला बघू’ हे ऐकून घेऊ नकोस.

आम्हाला काढलं तेव्हा आमच्या खात्यातल्या सगळ्यांनी अशाच राजीनाम्यावर सह्या केल्या. मी नाही केली. कोर्टात वर्षं गेली, तुझ्या काकूने हंगामात आंब्याच्या पेट्या भरून घर चालवलं. गावात अजून म्हणतात, हट्टाने काय मिळवलंन? पैसे थोडेच मिळाले, कबूल. पण ‘हा आपणहून गेला’ असं मालकाच्या वकिलाला माझ्याबद्दल म्हणता आलं नाही. बाकीच्यांना त्या एका वाक्याने घरी पाठवलं. मला हट्टी म्हणणाऱ्यांनी ते आठवावं.

असो. आज एचआरला ईमेल टाक: मी राजीनामा दिलेला नाही, मला कामावरून काढल्याचं लेखी द्या, हिशेब द्या. फोनवर बोलू नकोस, गोड बोलून तुझ्याकडून वदवून घेतील. उत्तर नाही आलं तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज देऊ, मी येतो सोबत. आणि ओरिजिनल मार्कशीट त्यांच्याकडे ठेवून घेतल्यात का, ते आधी कळव. घेतल्या असतील तर त्या ईमेलमध्येच मागायच्या.

तुझा,
काका