पुण्याच्या पूर्वेकडच्या माळरानाची दगड-वाळूची माती: ज्वालामुखीचा खडक असूनही ती काळी का नाही?

तुम्ही बारामती तालुक्यातल्या सुपे बाजूला दीड एकर माळ बघताय. मातीत हात घातला की खडे आणि वाळूच लागते, अहवालात ‘वालुकामय पोयटा’ (वाळूचं प्रमाण जास्त असलेली माती) आणि सामू (pH) 8.1 असं आलंय. ज्वालामुखीच्या खडकाची जमीन काळी, कसदार असते हे शाळेत शिकलेलं, मग ही अशी कशी, आणि धरणातला गाळ आणून टाकला तर सुधारेल का, असा प्रश्न आहे. मी मृदाशास्त्र शिकलोय, राहतो पुण्यात, आणि त्या पट्ट्यातले शेतकरी मातीचे अहवाल घेऊन माझ्याकडे येत असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, तुमच्या हाताला जी लागतेय ती नदीत किंवा राजस्थानात असते तशी वाळू नव्हे. तिथली वाळू मुख्यतः क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीच्या कडक खनिजाची. ग्रॅनाइटसारखा खडक झिजला की बाकीची खनिजं कुजून जातात आणि क्वार्ट्झचे कण तसेच मागे उरतात. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे इथल्या काळ्या ज्वालामुखी खडकात, क्वार्ट्झ जवळपास नाहीच. त्यात आहे फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन, आणि ही दोन्ही खनिजं हवापाण्यात आज ना उद्या चिकणमाती होऊन जातात. म्हणजे बेसॉल्टवरच्या मातीत वाळूच्या आकाराचे कण दिसले तर ते अर्धवट झिजलेल्या खडकाचे तुकडे, थोडक्यात बारीक मुरूम. दोन नखांत धरून चिरडून बघा, बरेच कण फुटतील. क्वार्ट्झचा कण फुटत नाही.

आता काळ्या मातीचं. दख्खनचा हा खडक साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहत आलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. जावासारख्या बेटांवर सुपीकतेचं कौतुक होतं ते ताज्या ज्वालामुखी राखेमुळे. आपल्याकडे राख नगण्य, आणि खडक इतका जुना की त्या कौतुकाचा इथे फारसा संबंध उरत नाही. काळी माती याच खडकाची, पण ती साठते खाली. माळाच्या माथ्यावर जेवढी चिकणमाती तयार होते तेवढी दर पावसाळ्यात उतारानं खाली जाते. माथ्यावर मुरूम उघडा पडतो, मधल्या उतारावर वीत-दोन वीत मध्यम रान, आणि ओढ्याकाठी पुरुषभर काळी. एकाच शिवारात, कधी कधी एकाच गटात, हे तिन्ही प्रकार सापडतात. खडक जुना, माती मात्र कोवळी. माती वर्गीकरणात असल्या जमिनी ‘एंटिसॉल’ गटात टाकतात, म्हणजे जिच्यात थरच नीट पडलेले नाहीत अशी माती. खाली वाहून गेलेली काळी ‘व्हर्टिसॉल’मध्ये जाते.

पावसाचाही यात मोठा वाटा आहे. लोणावळ्यात वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या पुढे, पुणे शहरात 700 च्या आसपास, आणि सुपे-बारामतीकडे 500 च्या आतबाहेर. शंभरेक किलोमीटरमध्ये एवढा फरक. घाटमाथ्यावर पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो, तुमच्याकडे तेवढं पाणीच खाली जात नाही. फेल्डस्पारमधून सुटलेलं कॅल्शियम तिथल्या तिथे चुनखडी होऊन बसतं. सामू 8.1 आला तो त्यामुळे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खात्री करायची तर चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाका, फसफसली की चुना आहे. पांढरे चकचकीत खडे दिसले आणि ते फसफसले नाहीत, तर बहुधा लाव्हाच्या पोकळ्यांमध्ये तयार झालेले झिओलाइट किंवा गारगोटी. (पुण्याच्या आसपासचे हे स्फटिक प्रसिद्ध आहेत. वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. तुमच्या माळावर सापडेल असं मात्र धरून चालू नका.) चुन्याचा खरा त्रास वेगळाच: लोह आणि जस्त मातीत असूनही झाडाला मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. स्फुरदही (फॉस्फरस) चुन्याला बांधलं जातं. सेंद्रिय कर्ब अशा जमिनीत बहुतेक वेळा अर्ध्या टक्क्याच्या खालीच सापडतो.

अहवाल कसा वाचायचा, इथेच बहुतेक जण चकतात. प्रयोगशाळेत तुमची माती आधी 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. चाळणीवर उरलेले खडे बाजूला जातात आणि नत्र, स्फुरद, पालाश, कर्ब, सगळे आकडे चाळणीखाली पडलेल्या बारीक मातीचे येतात. काळ्या रानात हरकत नाही, तिथे खडे नसतातच. पण तुमच्या माळावर आकारमानाच्या 40 टक्के खडे असतील, तर अहवालात लिहिलेलं अन्नद्रव्य प्रत्यक्षात त्याच्या साठ टक्केच आहे. शिवाय ‘एकरी इतके किलो’ हा हिशोब वीतभर खोल माती धरून केलेला असतो. तुमची तेवढी नसेल तर आकडा आणखी उतरतो. तेव्हा नमुना देताना खडे घरी निवडून टाकू नका. बादलीभर माती चाळा, वरचे खडे आणि खालची माती वेगवेगळी मोजा आणि ते प्रमाण अहवालावर पेनानं लिहून ठेवा. खताचा सल्ला देणाऱ्याला त्याचा नत्र-स्फुरद-पालाशच्या आकड्यांइतकाच उपयोग होईल.

पाण्याचंही हेच गणित. समजा 20 सेंटिमीटर खोल माती आहे आणि त्यात 40 टक्के दगड. म्हणजे कामाची माती 12 सेंटिमीटर. वालुकामय पोयटा 10 सेंटिमीटरला पिकाच्या उपयोगाचं जेमतेम 10-12 मिलिमीटर पाणी धरतो, म्हणजे तुमच्याकडे एकूण साठा 12 ते 14 मिलिमीटर. ऑक्टोबरच्या उन्हात पीक दिवसाला 4-5 मिलिमीटर ओढतं. तीन दिवसांत तळ दिसतो. ओढ्याकाठच्या मीटरभर काळीत याच्या दहापटीहून जास्त पाणी मावतं, म्हणून तिथे रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते आणि माळावर बाजरी, हुलगा, मटकीच परवडते. माळाच्या बाजूनं एक गोष्ट बोलायला हवी: पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी वाफसा येतो, म्हणजे रान मशागतीजोगं होतं. काळीत आठवडाभर पाय टाकता येत नाही.

पण नुसती वरची माती मोजून निर्णय घेऊ नका. माझ्या मते या जमिनीचं खरं मोल तिच्याखाली काय आहे त्यावर ठरतं. खाली मऊ, कुजलेला, पहारीनं सुटणारा मुरूम असेल तर झाडाची मुळं त्याच्या फटींतून उतरतात, आणि असा मुरूम थोडंफार पाणीही धरतो. पुरंदरचं सीताफळ आणि अंजीर, बारामती-इंदापूरकडचं डाळिंब असल्याच रानात उभं आहे. खाली काळा, अखंड कातळ असेल तर मात्र कुठलंही खत आणि कुठलीही हुशारी कामाची नाही. हे कळायला यंत्र लागत नाही. शेजारच्या विहिरीची कड बघा, रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथला काप बघा, नाहीतर जेसीबीवाल्याला सांगून जमिनीच्या दोन टोकांना दोन खड्डे घ्या. मूळ एक मीटरपर्यंत पोचलेलं दिसलं की बाकी सगळं जमवता येतं.

दगड वेचायचे का? मोठे धोंडे वेचा आणि उताराला आडव्या ताली घाला. गोट्यांएवढे आणि त्याहून लहान खडे राहू द्या. मातीवर सुटे पडलेले खडे पावसाचा मार स्वतःवर घेतात, ऊन अडवतात, खालची ओल टिकवतात. तेच खडे मातीच्या पापुद्र्यात घट्ट रुतले तर उलटं होतं, पाणी मुरायचं सोडून वाहू लागतं. पहिल्या पावसाआधी उथळ कुळवाची पाळी दिली की पापुद्रा फुटतो. खोल नांगरट कशाला करायची ते मला कधीच कळलेलं नाही. मुरूम वर येतो आणि उरलेली माती सुटी होऊन उताराला लागते.

सरकारी भाषेत असल्या जमिनीला पडीक म्हणतात, ते मला पटत नाही. तिथे कुसळी असते, पवना असतो, मधूनच हिवर आणि बोर. कुसळीच्या दाण्याची शेपटी ओलीनं पिळा सोडते, सुकली की पुन्हा घेते आणि अशा गिरक्यांनी दाणा जमिनीत घुसतो. मेंढीच्या लोकरीतही तसाच घुसतो, धनगरांना विचारा. चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी याच गवतावर जगतात. तुमच्या भागातलंच मयूरेश्वर अभयारण्य, जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं आहे, आणि तेही असंच माळ आहे. दीड एकरातली निदान वरची पट्टी गवताला सोडलीत तर खालच्या झाडांची माती जागेवर राहील आणि चाराही मिळेल.

राहिला गाळ. टाका, पण सगळीकडे पसरू नका. एका एकरावर 5 सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण 200 घनमीटर, म्हणजे एकरी 70 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). गाळ फुकट मिळाला तरी भरणी आणि वाहतुकीचा खर्च तुमचाच, आणि माती न मिसळता मुरमावर नुसता जाड थर दिला तर तो वरच्या वर भिजतो, वरच्या वर भेगाळतो. त्यापेक्षा झाडांसाठी मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे घ्या आणि त्यात गाळ, शेणखत आणि तिथलाच चाळलेला मुरूम मिसळून भरा. शंभर खड्ड्यांना निम्मा गाळ धरला तर 50 घनमीटर, 18 ब्रासच्या आत काम होतं. खड्ड्याच्या तळाला कातळ लागला तर तो खड्डा सोडून बाजूला दुसरा घ्या, नाहीतर पावसाळ्यात त्यात पाणी साचून मुळं कुजतात.