वाचक विचारतात : फायबरच्या होडीची गेलेली चमक

प्रश्न : वर्सोव्याला आमची निळी फायबरची होडी आहे. रंग पांढुरका पडलाय, हात फिरवला की पावडर लागते. पॉलिश केलं, पण पंधरा दिवसांत पुन्हा तेच. काय चुकलं?

उत्तर : ती पावडर म्हणजे उन्हाने खराब झालेला जेलकोटचा (फायबरवरच्या रंगीत, चकचकीत लेपाचा) वरचा थर. तो न काढताच पॉलिश लावलंत. गोड्या पाण्याने मीठ धुवा. मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायच्या पॉलिश पेपरने) ओलं घासा. दुधाळ पाणी निळसर झालं की थांबा. पुढे १०००, १५००. काठ मात्र हातानेच आणि हलके घासा : जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर, तिथे तर आणखी पातळ, फायबर उघडं पडलं की नवा जेलकोटच लावावा लागतो. नंतर सावलीत रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट), लोकरी पॅडने. उन्हात ते चिकटून सुकतं. शेवटी वॅक्सचे दोन हात. ते टाळू नकाच.